घर बदलल्यावर झाडांची पानं रंग का बदलतात, आणि तुमच्या सहा कुंड्यांचं नेमकं काय झालंय

तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. कोल्हापूरचं अंगणाचं घर सोडून मार्चच्या पहिल्या आठवड्यात पिंपरी-चिंचवडमधल्या वाकडला अकराव्या मजल्यावर राहायला आलात, सासूबाईंनी वर्षानुवर्षं सांभाळलेली झाडं टेम्पोतून बरोबर आणलीत, आणि दीड महिन्यात मनीप्लांट पिवळा पडला, क्रोटनचा लाल रंग जाऊन खालची पानं गळली, अरेका पामची टोकं करपली, रबर प्लांटवर पांढरट चट्टे आले, मोगऱ्याची नवी पानं फिकट पिवळी येतायत आणि तुळस लांबुडकी झालीय. वर कुणी पाहुणे येऊन "घर लाभत नाहीये वाटतं" असं बोलून गेले आणि ते सासूबाईंच्या मनाला लागलंय. क्रोटन टाकून देऊ का, हेही विचारलंय.

सगळ्यात आधी सासूबाईंना सांगा की घराचा काही दोष नाही. मी पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये २२ वर्षं घरांतली आणि ऑफिसांतली झाडं सांभाळतेय, आणि शिफ्टिंगनंतर पहिल्या दोन महिन्यांत ज्यांच्या एकाही पानाचा रंग बदलला नाही अशी घरं मला फार थोडी भेटली. झाड चालून जाऊ शकत नाही, त्यामुळे जिथे ठेवलंय तिथल्या उजेडाला, पाण्याला, हवेला पुरेल असं पान ते बनवतं. तुमच्या झाडांवर आत्ता जी पानं आहेत ती कोल्हापूरच्या अंगणासाठी बनलेली आहेत. तीच पानं वाकडच्या हॉलमध्ये आली की झाडाला परवडत नाहीत, मग झाड त्यांच्यातलं हिरवं काढून घेतं. पानात हरितद्रव्य असतं तसाच एक पिवळा रंगही आधीपासून असतो, हिरवं मोडलं की तो उघडा पडतो इतकंच. आणि मोडताना झाड त्या पानातलं नत्र ओढून नव्या पानाला देतं, म्हणून अर्धं पिवळं झालेलं पान लगेच तोडू नका, पूर्ण पिवळं होऊन हात लावताच सुटून येईल तेव्हा काढा.

एक गोष्ट मात्र तुम्ही सगळ्या कुंड्यांना एकच आजार झालाय असं धरून चाललायत. तुम्ही लिहिलंय की सगळ्यांना थोडं पाणी वाढवलं आणि शेणखत घातलं. माझ्या मते तुमच्याकडे सहा कुंड्यांना पाच वेगवेगळी कारणं आहेत, आणि पाणी वाढवणं त्यातल्या निदान दोन कुंड्यांना सरळ अपाय करणारं आहे. आधी एवढं करा, खत आजपासून बंद. कुठलंच खत नको, अगदी घरचं कंपोस्टसुद्धा नको, सहा आठवडे.

आता उजेड, कारण अर्धी गोष्ट तिथेच आहे. आपल्या डोळ्यांना घरात आणि अंगणात फारसा फरक जाणवत नाही, बुबुळ लगेच जुळवून घेतं. झाडाला मात्र तो फरक भुकेसारखा कळतो. भर दुपारी उघड्यावर साधारण १ लाख लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, अंगणातल्या आंब्याच्या सावलीतही काही हजार, आणि फ्लॅटच्या हॉलमध्ये खिडकीपासून दहा फूट आत, टीव्हीच्या बाजूला जिथे तुमचा मनीप्लांट आहे, तिथे २००-३०० मिळाला तरी पुष्कळ. म्हणजे रोज भरलेलं ताट खाणाऱ्याला एकदम घासभर भात. त्यात नव्या बिल्डिंगच्या काचा रंगीत असतात, वर डासांची जाळी, वर पडदे, प्रत्येकाने आपापला वाटा काढून घेतलेला असतो. मोबाईलवर लक्स मोजायची फुकट अ‍ॅप्स आहेत, आकडा अगदी अचूक नसतो पण दोन जागांची तुलना करायला छान चालतात. तेही नको असेल तर सकाळी अकराच्या सुमारास कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्याच्या फूटभर वर हात धरा. सावलीची कड स्पष्ट दिसली तर उजेड भरपूर, बोटं कळतायत पण कड पुसट आहे तर मध्यम, आणि हात आहे की नाही हेच कळत नसेल तर ती जागा शोपीसची आहे, झाडाची नाही.

तुमचा मनीप्लांट दोन प्रकारे बदललाय आणि फोटोत दोन्ही दिसतायत. खालची चार-पाच पानं पूर्ण पिवळी, मऊ, लोंबलेली. आणि शेंड्याकडची दोन नवी पानं लहान आणि जवळजवळ पूर्ण हिरवी, त्यांच्यावर ते पिवळे शिंतोडे नाहीतच. शिंतोड्यांचं कारण सोपं आहे. पानाच्या पिवळ्या भागात हरितद्रव्य नसल्यासारखंच असतं, तो भाग काही कमवत नाही. उजेड भरपूर असतो तेव्हा झाडाला ही चैन परवडते, उजेड घटला की नवं पान जास्तीत जास्त हिरवं काढतं. हा आजार नाही, खिडकीपासून दोन-तीन फुटांवर आणलात की पुढची पानं पुन्हा रंगीत यायला लागतील, जे पान हिरवं आलं ते मात्र हिरवंच राहील.

खालची पिवळी मऊ पानं हा पाण्याचा विषय आहे. कोल्हापूरला हाच मनीप्लांट मातीच्या कुंडीत, उन्हा-वाऱ्यात होता, रोज एक तांब्या पाणी प्यायचा. इथे तुम्ही नवीन घराला शोभतील म्हणून पांढऱ्या सिरॅमिकच्या कुंड्या आणल्यात. सिरॅमिक घाम गाळत नाही, उजेड कमी म्हणून झाडाची तहान निम्म्याहून कमी झालीय, आणि सासूबाईंचा हात मात्र सवयीने रोज सकाळी तांब्या घेऊन फिरतोय. तळाला माती भिजलेलीच राहते, मुळांना हवा मिळत नाही, मुळं कुजायला लागली की ती पाणी ओढू शकत नाहीत आणि पानं लोंबतात. मग लोंबलेलं पान बघून आपल्याला वाटतं तहानलंय आणि आपण अजून पाणी घालतो. मी सुरुवातीच्या वर्षांत माझा स्वतःचा फायकस असाच घालवला, चिंचवडला घर बदललं तेव्हा, पानं गळायला लागली की पाणी, अजून गळली की अजून पाणी, दोन महिन्यांत बुंधा हाताने हलायला लागला. ते झाड माझ्या वडिलांनी लावलेलं होतं, त्यामुळे तुमच्या सासूबाईंना काय वाटत असेल याची मला पूर्ण कल्पना आहे.

कुंडीची माती वरून बघून काही कळत नाही, विशेषतः नर्सरीतल्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, ते वरून खडखडीत आणि आत स्पंजासारखं ओलं असतं. स्वयंपाकघरातली सळई किंवा विणकामाची जाड सुई घ्या, कडेने अगदी तळापर्यंत घाला, दोन मिनिटं तशीच ठेवा आणि बाहेर काढून गालाला लावा. बोटांपेक्षा गालाला गारवा लवकर कळतो. सुई गार लागली, तिला माती चिकटून आली, तर पाणी नाही. नाकाजवळही धरा, कुबट नाल्यासारखा वास आला तर मुळं कुजलीयत, मग थांबू नका, झाड काढून काळी मऊ मुळं कात्रीने कापायची आणि भोकं असलेल्या साध्या मातीच्या कुंडीत लावायचं. सिरॅमिकची कुंडी फेकू नका, तिच्या आत मातीची किंवा प्लास्टिकची छोटी कुंडी ठेवा, पाणी घालताना बाहेर काढायची, निथळली की परत आत.

सासूबाईंची सकाळची फेरी मात्र बंद करू नका. त्यांना पाण्याऐवजी ओलं मऊ फडकं द्या, रोज एकेका झाडाची पानं वरून आणि खालून पुसायची. वाकडला आजूबाजूला बांधकामं चालू असतात, सिमेंटची धूळ पानावर बसली की होता तो उजेडही आत जात नाही. शिवाय पानाखाली लाल कोळी किंवा पिठ्या ढेकूण आलेला असेल तर तो रोज पुसणाऱ्या माणसालाच सगळ्यात आधी दिसतो. पानावर टाचणीच्या टोकाएवढे असंख्य फिकट ठिपके दिसले तर पांढरा कागद खाली धरून पान झटका, कागदावर पडलेले बारीक कण चालायला लागले तर तो कोळी, आणि तो एसीच्या कोरड्या हवेत भराभर वाढतो. तुमच्या फोटोत तरी मला तो दिसला नाही.

रबर प्लांटचं बरोबर उलटं झालंय. तो कोल्हापूरला आंब्याखाली होता आणि इथे तुम्ही तो पश्चिमेच्या गॅलरीत ठेवलाय, एप्रिलमध्ये, अकराव्या मजल्यावर, जिथे समोर अडवायला काही नाही. दुपारी एक-दीडपासून मावळेपर्यंत सरळ ऊन. सावलीत बनलेलं पान पातळ आणि पसरट असतं, उन्हात बनलेलं जाड आणि लहान, सावलीचं पान एकदम उन्हात गेलं की हरितद्रव्य जळून तिथे पांढरट, मग कागदासारखे तपकिरी चट्टे पडतात. तुम्हाला बुरशी वाटून तुम्ही औषध फवारलंत, पण नीट बघा, चट्टे फक्त बाहेरच्या बाजूच्या पानांवर आहेत आणि जिथे एक पान दुसऱ्यावर आलंय तिथे खालच्या पानाला सावलीच्या आकाराचा हिरवा भाग तसाच राहिलाय. बुरशी अशी सावली बघून येत नाही. हे चट्टे भरून येणार नाहीत, पण पान निम्म्याहून जास्त हिरवं असेल तर राहू द्या, ते अजून कमावतंय. कुंडी दाराच्या आतल्या बाजूला घ्या किंवा गॅलरीला ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट लावा.

उजेड वाढवायचा असो की कमी करायचा, टप्प्याटप्प्यानेच. कमी उजेडातून जास्तीत नेताना पहिले तीन-चार दिवस फक्त सकाळचा एक तास, मग दोन, असं करत तीन आठवडे जाऊ द्या. हे नर्सरीवाल्यांना फार पूर्वी कळलंय. १९७० च्या दशकात अमेरिकेत फ्लोरिडातल्या अपॉप्काच्या केंद्रात कॉनोव्हर आणि पूल या दोघांनी यावर बरंच काम केलं. उघड्या उन्हात वाढवलेले फायकस घरात गेले की पानांचा सडा पडायचा, तेच झाड विकण्याआधी काही आठवडे शेडनेटखाली ठेवलं, खत-पाणी आवरतं घेतलं की घरात टिकायचं. आपण शिफ्टिंगआधी कपाटं महिनाभर आधी आवरायला घेतो आणि झाडं मात्र शेवटच्या दिवशी अंगणातून उचलून टेम्पोत टाकतो. पुढच्या वेळी कुणाला सल्ला द्यायचा झाला तर एवढं सांगा, की जायच्या तीन आठवडे आधी झाडं व्हरांड्यात आणून ठेवा.

टेम्पोबद्दलही एक सांगते. बंद गाडीत अंधारात एखादी रात्र झाडाला चालते, दोन-तीन दिवस गेले की पिवळेपणा सुरू होतोच. आणि त्याच गाडीत पिकायला आलेली फळं ठेवू नयेत. माझ्या ओळखीचं एक कुटुंब मे महिन्यात रत्नागिरीहून पुण्याला आलं, बंद टेम्पोत एका बाजूला झाडं आणि दुसऱ्या बाजूला आंब्याच्या पेट्या, रात्रभर. अढीत आंबा पिकताना इथिलीन वायू सोडतो, एका आंब्याने शेजारचे आंबे पिकतात ते त्यामुळेच, आणि तोच वायू पानाच्या देठाला गळायची खूण देतो. चार दिवसांत त्यांचा फायकस निम्मा रिकामा झाला. ते पुण्याच्या हवेला दोष देत होते. तुमच्या टेम्पोत मार्चमध्ये आंबे नसणार, पण केळीचा घड वगैरे होता का ते आठवून बघा.

आता पाणी कसं आहे त्याबद्दल, आणि याकडे पुण्यात राहायला येणाऱ्यांचं हमखास दुर्लक्ष होतं. कोल्हापूरला तुम्ही पंचगंगेचं पाणी घालत होतात. पिंपरी-चिंचवडला महापालिकेचं पाणी पवनेचं, तेही झाडांना उत्तम, पण ते एक दिवसाआड येतं आणि नव्या सोसायट्यांना पुरत नाही, मग टाकीत बोअरचं आणि टँकरचं मिसळतं, उन्हाळ्यात तर जास्तच. इथलं बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून येतं, जड असतं, बादलीला, गिझरला जो पांढरा थर बसतो तो त्याचाच. तुमच्या कुंडीच्या कडेला आणि मातीवर तो पांढरा थर दिसतोय, फोटो मोठा करून बघितला मी.

या पाण्यातल्या क्षारांनी मातीचा सामू (पीएच) वर जातो आणि मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. मोगऱ्याचं तेच झालंय. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, जाळी काढल्यासारख्या, ही लोहाची खूण. लोह एका पानातून दुसऱ्या पानात हलवता येत नाही, म्हणून कमतरता नव्या पानात दिसते. नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडलं तर झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतं, तेव्हा खालची पानं आधी पिवळी होतात. पिवळं कुठून सुरू झालं एवढं नीट बघितलं तरी अर्धं निदान होतं. मोगऱ्याच्या मातीत गंजके खिळे पुरायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिलाय, त्याचा उपयोग नाही, लोह तिथे आहेच, विरघळत नाहीये ही अडचण आहे. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह मिळतं, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपातलं, त्यातही ईडीडीएचए प्रकारचं मागा, ईडीटीए स्वस्त पडतं पण सामू जास्त असलेल्या मातीत टिकत नाही. लिटरभर पाण्यात एक ग्रॅम, मातीत घालायचं, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. पाणी लालभडक होतं, घाबरू नका, फक्त गॅलरीच्या टाईल्सवर सांडू देऊ नका. खत बंद म्हटलं त्यातून हे वगळा, हे मोगऱ्याचं औषध समजा.

अरेकाच्या टोकांचं कारण मला पाण्यातच दिसतं, पण जरा वेगळ्या. तुमच्या बिल्डिंगला सॉफ्टनर प्लांट आहे का ते विचारा. असेल तर त्याला दर काही दिवसांनी मिठाच्या गोणी लागतात, वॉचमनला किंवा प्लंबरला बरोबर माहीत असतं. सॉफ्टनर पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम सोडतो. त्या पाण्याने साबणाला फेस येतो, केसांना बरं वाटतं, झाडाला मात्र ते खारं पाणी. टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायच्या यंत्रावर, आकडा जवळपास तेवढाच दिसतो, त्यामुळे फसायला होतं. अरेका, स्पायडर प्लांट, ड्रेसिना यांना हे आधी बाधतं, पाणी पानाच्या टोकापर्यंत जातं, तिथून वाफ होऊन उडतं आणि मीठ टोकाला साठतं, म्हणून टोक करपतं आणि करपलेल्या भागाला पिवळी किनार असते. त्यात तुमचा अरेका बेडरूममध्ये एसीच्या झोतात आहे, पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा आधीच कोरडी ठक्क असते. त्याला झोतातून बाजूला करा. टोकं कात्रीने पानाच्या आकारात तिरकी कापा, करपलेल्याची सुतासारखी कड ठेवून, हिरव्यात कापलंत तर नवीन टोक पुन्हा करपतं. अरेकाचे दांडे पिवळसर सोनेरी असणं मात्र त्याचा मूळ रंगच आहे, त्याची काळजी नको.

तुम्ही लिहिलंय की पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओचं वेस्ट पाणी झाडांना घालता. भावना चांगली आहे, पण थांबवा. आरओ पिण्याच्या पाण्यातले क्षार काढून त्या नळीत ढकलतो, म्हणजे आधीच जड पाणी अजून जड करून आपण कुंडीत ओततो. जमिनीतल्या मोठ्या झाडाला एखादे वेळी चालून जाईल, कुंडीत क्षार जायला जागाच नसते. त्या पाण्याने फरशी पुसा, गॅलरी धुवा. शंभर-दीडशे रुपयांपासून टीडीएस मीटर मिळतो, घेऊन ठेवा, माझ्या अनुभवात २५० च्या आत निश्चिंत राहावं, ५०० च्या वर गेलं की कुंडीतली नाजूक झाडं कुरकुरायला लागतात.

मग घालायचं काय? महापालिकेचं पाणी ज्या दिवशी येतं त्या दिवशी स्वयंपाकघरातल्या नळाचं भरून ठेवा, बऱ्याच सोसायट्यांत किचनची लाईन वेगळी असते, तुमच्याकडे आहे का ते विचारा. एसीची नळी बादलीत सोडा, ते पाणी जवळजवळ क्षारविरहित असतं, उन्हाळ्यात कमी पडतं पण नळाच्या पाण्यात मिसळून अरेकाला आणि मोगऱ्याला पुरेल. सोसायटीच्या बागेच्या नळाचं आणायचं मनात असेल तर आधी विचारा, ते बहुतेक ठिकाणी एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करून आलेलं असतं. आणि महिन्यातून एकदा प्रत्येक कुंडी बाथरूममध्ये नेऊन, सॉफ्टनरचं नसलेलं पाणी, कुंडीच्या आकाराच्या दुप्पट-तिप्पट, सावकाश ओता आणि खालून जाऊ द्या, साठलेले क्षार धुतले जातात. तळाला भोक नसेल तर हे करता येत नाही, म्हणून भोकाबद्दल मी इतकी मागे लागते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की सगळ्या कुंड्या एक-दोन चांगल्या सरींत गॅलरीच्या कठड्याच्या आत भिजू द्या, आठवड्याभरात पानांवर फरक दिसेल.

तुळस. ती ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या वर ठेवलीय आणि तिला दिवसभरात ऊन म्हणून मिळत नाही. तुळशीला रोज निदान चार-पाच तास सरळ ऊन हवं, ती उजेड शोधत लांब होतेय, दोन पानांमधलं अंतर वाढलंय, पानं फिक्की पडलीयत. तिला पश्चिमेच्या गॅलरीत आणा, टप्प्याटप्प्यानेच, शेंडे दोन-दोन इंच खुडा आणि मंजिऱ्या आल्या की काढत जा. सासूबाईंना सकाळी पूजेला दारातच तुळस हवी असेल तर खुडलेल्या मंजिरीचं बी टाकून दुसरं रोप करा, म्हणजे एक आठवडा एक आत, एक बाहेर, आलटून पालटून.

गॅलरीबद्दल अजून एक, कारण तुम्ही विचारलंय की उत्तरेच्या बेडरूमच्या खिडकीचा उपयोग होईल का. पुण्यात मे महिन्याच्या १३-१४ तारखेला शून्य सावली दिवस येतो, त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि सकाळ-संध्याकाळचं ऊन उत्तरेच्या खिडकीत तिरकं येतं. मनीप्लांट आणि अरेकाला ती जागा वर्षभर उत्तम, फक्त या दोन-अडीच महिन्यांत काचेला चिकटून ठेवू नका. याउलट दक्षिणेच्या खिडकीत डिसेंबरमध्ये ऊन पार खोलीच्या आतपर्यंत येतं. म्हणजे आज शोधलेली जागा कायमची धरू नका, वर्षातून दोनदा फेरबदल लागणारच. थंडीत क्रोटनला रात्री गॅलरीतून आत घ्या, वाकडला डिसेंबर-जानेवारीत पहाटे १० अंशांच्या आसपास उतरतं, आणि अकराव्या मजल्यावरचा वारा वेगळाच.

आता क्रोटन. टाकू नका. शिफ्टिंगमध्ये सगळ्यात जास्त रुसणारं झाड हेच, जागा हलवली की खालची पानं सोडतं, आणि शू-रॅकच्या कोपऱ्यात तर त्याला उजेडच नाही. लाल-नारिंगी रंग त्याला भरपूर उजेडात धरतो, सावलीत नवी पानं हिरवीच येतात. पुष्कळ जातींत पान कोवळं असताना हिरवं-पिवळं असतं आणि महिना-दोन महिन्यांनी लाल होतं, त्यामुळे नवं पान हिरवं आलं म्हणून लगेच निराश होऊ नका. त्याला गॅलरीच्या दारातली भरपूर उजेडाची जागा द्या, पाणी सुई बघून. उद्या सकाळी खोडाच्या मधोमध नखाने केसाएवढी साल खरवडा. खाली ओलसर हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे, वाळकं तपकिरी दिसलं तर चार बोटं खाली जाऊन पुन्हा खरवडा, हिरवं लागेल तिथून वरचा भाग कापून टाका. कापल्यावर पांढरा चीक येतो, तो डोळ्यांना लागू देऊ नका, हात धुवा.

आणि जूनमध्ये पाऊस लागला की चांगल्या फांदीची वीतभर काडी तिरकी कापून, खालची पानं काढून, मातीत अर्धी खोचा, सावलीत ठेवा, महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. कोल्हापूरचं झाड अगदीच गेलं तरी त्याच काडीचं नवं झाड वाकडलाच वाढेल, आणि त्याचं पहिलं पानसुद्धा तुमच्या गॅलरीच्या उजेडात फुटलेलं असेल. खरवडल्यावर काय दिसलं त्याचा जवळून एक फोटो टाका, दिवसाउजेडी काढलेला, ट्यूबलाईटखाली हिरवं आणि तपकिरी नीट कळत नाही.